आकाश दाखवणारे पुष्कळ, नोंदणारे थोडे

मलकपेठहून दक्षिणेला निघालं, सैदाबाद आणि संतोषनगर मागे टाकलं, की फिसलबंडा लागतो. आज तिथे दवाखाने, दुकानं आणि रिक्षांची दाटी. या वस्तीत कधीकाळी हिंदुस्थानातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक आणली होती, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. १९०१ मध्ये नवाब जफरजंग बहादूर या इंग्लंडात शिकून आलेल्या उमरावानं स्वतःच्या खर्चानं ग्रब कंपनीची १५ इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण मागवली आणि वेधशाळेला निजामिया हे नाव द्यावं म्हणून निजाम महबूब अली खान यांची परवानगी घेतली. नवाबसाहेबांना ग्रहताऱ्यांवर पोट भरायचं नव्हतं, कुठली पदवी मिळवायची नव्हती. शुद्ध हौस होती. १९०७ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी निजाम सरकारनं वेधशाळा ताब्यात घेतली, ती बेगमपेठेला हलवली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या हवाली केली. हैदराबादच्या खगोलशास्त्राची सुरुवात अशी एका हौशी माणसाच्या अंगणात झाली.

हे उकरून काढण्याचं कारण असं की गेल्या काही वर्षांत अवकाशातल्या बातम्यांचा नुसता पाऊस पडतो आहे. जेम्स वेब दुर्बीण विश्वाच्या बाल्यातल्या दीर्घिका दाखवते, चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरतं, परक्या सूर्याकडून धूमकेतू येऊन जातो. या सगळ्यात गच्चीवर दुर्बीण घेऊन बसणाऱ्या माणसाला काही काम उरलं आहे का? काही जण म्हणतात, उरलं नाही, आता फक्त सुंदर फोटो काढावेत आणि मुलांना शनीची कडी दाखवावीत. माझं मत उलट आहे. काम भरपूर उरलं आहे, पण त्याचा प्रकार बदलला आहे, आणि आपल्या मराठी खगोलमंडळांनी तो बदल पुरेसा मनावर घेतलेला नाही.

आधी निजामियाचीच गोष्ट पुढे नेऊ. १८८७ मध्ये पॅरिसला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले आणि साऱ्या आकाशाचं छायाचित्रण करायचं ठरलं. आकाशाचे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटून दिले. चिलीतल्या सँतियागोच्या वाट्याचा, दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा तिथून होईना, तेव्हा तो हैदराबादनं उचलला. त्यासाठी कुक कंपनीची ८ इंची छायाचित्रण दुर्बीण होती. चॅटवुड, मग पोकॉक, मग टी. पी. भास्करन अशा संचालकांच्या हाताखाली बेगमपेठेतल्या साहाय्यकांनी काचेच्या तबकड्या उजळवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ताऱ्याची जागा मोजली आणि आकडे कागदावर उतरवले. पुढे पॉट्सडॅमनं अर्धवट सोडलेला उत्तरेकडचा ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही त्यांनी घेतला. एकूण साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा छापून निघाल्या. तीस-एक वर्षं चाललेलं हे काम किती कंटाळवाणं असेल याची कल्पनाच करावी. त्यात एकही शोध नाही, वर्तमानपत्रात यावं असं काहीच नाही. प्रकल्प पुरता व्हायच्या आतच जगातले पुष्कळ जण त्याला वेळेचा अपव्यय म्हणू लागले होते.

मग १९८९ मध्ये युरोपचा हिप्पार्कोस उपग्रह उडाला. ताऱ्यांच्या जागा त्यानं फार अचूक मोजल्या, पण एवढ्यावर तारे कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं सरकताहेत हे नीट कळत नाही. निजगती काढायची तर जुनी आणि नवी अशी दोन मोजमापं लागतात, आणि मधला काळ जितका लांब तितकी चूक कमी. उपग्रहाचं आयुष्य जेमतेम साडेतीन वर्षांचं. तेव्हा कुणाला तरी त्या जुन्या तबकड्यांच्या आकड्यांची आठवण झाली. ते संगणकात भरले गेले, दुरुस्त केले गेले, आणि २००० साली टायको-२ ही २५ लाख ताऱ्यांची यादी निघाली. तिच्यातल्या निजगती शंभर वर्षांच्या अंतरावर उभ्या आहेत, आणि त्या अंतराचं एक टोक बेगमपेठेत आहे. पुढे आलेल्या गाया उपग्रहानं जवळजवळ दोनशे कोटी ताऱ्यांची मोजणी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षण थांबवलं. त्याच्यापुढे टायको-२ आता जुनीच. पण मधली वीसेक वर्षं जगभरच्या दुर्बिणींनी आणि यानांनी दिशा ओळखण्यासाठी तीच यादी वापरली. बेगमपेठेत आकडे मांडणाऱ्या कारकुनांना हे कधीच कळलं नाही.

याच वेधशाळेत एका साहाय्यकाचा मुलगा लहानाचा मोठा झाला. मनाली कल्लट वेणू बाप्पू. निजाम कॉलेजात शिकताना तो रात्री रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं अशा ताऱ्यांची, निरीक्षणं करी. लालसर तारा डोळ्यानं जोखताना रंगामुळे कशी फसगत होते, हा त्याच्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी एकाचा विषय. १९४९ मध्ये हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेल्यावर काही महिन्यांतच त्यानं उघडलेल्या तबकडीवर नवा धूमकेतू सापडला. बाप्पू, बोक आणि न्यूकर्क अशा तिघांच्या नावानं तो ओळखला जातो. नंतरचं सर्वांना ठाऊक आहे: नैनिताल, कोडाइकनाल, कावलूर आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं अध्यक्षपद. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसराच तपशील. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखणारे राधागोविंद चंद्र हे बंगाली गृहस्थ आयुष्यभर रूपविकारी तारे पाहत राहिले. त्यांच्या नोंदी सदतीस हजारांच्या वर गेल्या. अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेनं त्यांना ६ इंची दुर्बीण वापरायला धाडली होती. म्हातारपणी त्यांना निरीक्षण झेपेना, तेव्हा ती संघटनेच्याच सांगण्यावरून गेली ती बाप्पूंकडे. खजिन्यातल्या कारकुनाकडून व्यावसायिक शास्त्रज्ञाकडे जाणारी ती दुर्बीण म्हणजे या दोन जगांमध्ये तेव्हा भिंत नव्हती याचा पुरावाच.

मराठी परंपरेतही हौशी माणूस आणि पंडित यांच्यात फार अंतर नव्हतं. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित शाळामास्तर. व्यंकटेश बापूजी केतकरही शिक्षकच. केतकरांनी १९११ मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं गणित मांडलं आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावं सुचवली. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट सांगितलं होतं. १९३० मध्ये सापडलेला प्लूटो सरासरी ३९.५ पटीवर आहे. यावरून ‘केतकरांनी प्लूटो आधीच शोधला’ असं आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. तसं म्हणू नये. प्लूटो इतका हलका निघाला की त्याच्या ओढीवरून त्याचं भाकीत कुणालाच करता येणार नव्हतं; पर्सिव्हल लोवेलचं गणितही असंच नशिबानं जुळलं. पण कर्नाटकातल्या एका शिक्षकानं पॅरिसच्या नियतकालिकात जाऊन वाद घालावा, ही गोष्ट भाकितापेक्षा मोठी आहे.

ऑगस्ट १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. हौशी खगोलप्रेमींची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. हॅलेच्या धूमकेतूनं १९८५-८६ मध्ये दुसरी लाट आणली. मुंबईचं खगोल मंडळ, कल्याणचं आकाशमित्र मंडळ ही त्या लाटेची अपत्यं. वांगणीच्या माळरानावर अमावास्येच्या आसपास रात्रभर चालणारे आकाशदर्शनाचे कार्यक्रम हजारो मराठी घरांत पोचले. १९८८ मध्ये आयुका ही खगोल संशोधन संस्था उभी राहिली आणि जयंत नारळीकरांनी तिची दारं शाळकरी मुलांना उघडी ठेवली. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांत संशोधकांइतकेच शाळामास्तर, बँकेतले कारकून आणि गृहिणी होत्या.

हैदराबादेत मराठी नाव जोडलं जातं ते कृष्ण दामोदर अभ्यंकरांचं. उस्मानियात त्यांनी खगोलशास्त्राचा विभाग वाढवला, पाठ्यपुस्तकं लिहिली, भारतीय पंचांगाच्या इतिहासावरही पुष्कळ काम केलं. बेगमपेठेवर शहराचा उजेड चढायला लागला तेव्हा नवी ४८ इंची आरशाची दुर्बीण गावाबाहेर न्यावी लागली. मलकपेठकरांना हा रस्ता ओळखीचा आहे: नागार्जुनसागरच्या दिशेनं, इब्राहिमपट्टणमच्या पुढे जपाल आणि रंगापूर या दोन गावांच्या शिवेवर १९६८ मध्ये ती उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया नेमकी रंगापूरवरून गेली. देशोदेशीच्या तुकड्या यंत्रं घेऊन तिथे उतरल्या असताना शहरातले रस्ते मात्र भीतीनं ओस पडले होते. फिसलबंडा, बेगमपेठ, रंगापूर: दुर्बीण पुढे आणि शहर तिच्या पाठीमागे. आता रंगापूरच्या क्षितिजावरही महानगराचा उजेड दिसतो, आणि संशोधनाच्या मुख्य प्रवाहातून ती जागाही बाजूला पडली आहे.

आता आजच्याकडे वळू. पूर्वी हौशी माणसाचं स्वप्न धूमकेतू शोधण्याचं असे. १९९५ मधल्या हेल-बॉपमधला बॉप हौशी होता, १९९६ चा ह्याकुताके हौशीच. त्यानंतर स्वयंचलित दुर्बिणी आल्या आणि बाजार उठला. ३० ऑगस्ट २०१९ ला क्रिमियात गेन्नादी बोरिसोव यांनी स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला पहिला निःसंशय धूमकेतू शोधला, तेव्हा हौशी मंडळींना वाटलं, अजून आपले दिवस आहेत. १ जुलै २०२५ ला असाच पुढचा पाहुणा, ३आय-अ‍ॅटलास, चिलीतल्या यंत्रानं आपणहून टिपला. त्याच्या आधी आठ दिवस व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं प्रसिद्ध झाली होती. चाचणीच्या सुमारे दहा तासांच्या निरीक्षणातच तिनं २,१०४ नवे लघुग्रह पकडले. पूर्ण जोमानं चालली की रात्रीला एक कोटीपर्यंत बदलांच्या सूचना ती देणार आहे. शोधण्याच्या शर्यतीत माणसानं या यंत्रासमोर उभं राहू नये. हरण्यात लाज नाही, पण वेळ जातो.

तरी रुबिनची एक अडचण आहे, आणि माझ्या मते हौशी खगोलशास्त्राचं पुढचं अर्धं भवितव्य त्या अडचणीत आहे. एवढी मोठी दुर्बीण अंधूक गोष्टींसाठी बनवलेली असते. साधारण सोळाव्या-सतराव्या प्रतीहून (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) तेजस्वी तारे तिच्या कॅमेऱ्याला सोसत नाहीत, त्यांचे ठिपके भरून वाहतात. म्हणजे नुसत्या डोळ्यांना, द्विनेत्रीला किंवा ६ इंची दुर्बिणीला दिसणारं सगळं आकाश तिच्या कक्षेबाहेरच. त्या तेजस्वी आकाशावर रोज नजर ठेवायला मोठ्या वेधशाळांना फुरसत नाही, परवडतही नाही.

उदाहरण काक्षीचं घ्या. मृग नक्षत्राच्या खांद्यावरचा हा तांबूस तारा मलकपेठेच्या कुठल्याही गच्चीवरून दिसतो, मेट्रोचे दिवे असोत की रेसकोर्सकडचे. २०१९ च्या अखेरीस तो मंद व्हायला लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. एरवी तो ०.५ च्या आसपास असतो. आता त्याचा स्फोट होणार, अशी आवई उठली. पुढे कळलं की ताऱ्यानं वायूचा मोठा लोट बाहेर टाकला होता, त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूला आडवी आली. ही मंदी जगाच्या नजरेस आणणाऱ्यांत एक व्यावसायिक प्राध्यापक आणि त्यांचे हौशी सहकारी होते, आणि त्यांच्याकडे काक्षीच्या तेजाची पंचवीसेक वर्षांची सलग नोंद होती म्हणूनच त्यांना हे असाधारण आहे असं ठामपणे म्हणता आलं.

खरी मौज त्याच्या पुढे आहे. काक्षीचं तेज सुमारे ४०० दिवसांनी वरखाली होतं, पण त्यावर आणखी एक लांब लय आहे, जवळजवळ २,१०० दिवसांची. सहा वर्षांत एक हेलकावा. तो खरा आहे की योगायोग, हे ठरवायला निदान डझनभर हेलकावे हवेत, म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षं. एवढा काळ कुठला संशोधन प्रकल्प चालतो? पण अमेरिकी रूपविकारी संघटनेकडे शंभर वर्षांहून जुन्या नोंदी पडून होत्या. शिक्षकांनी, डॉक्टरांनी, टपाल कारकुनांनी रात्री जेवणानंतर अंगणात उभं राहून केलेल्या. २०२४ मध्ये दोन गटांनी या आणि अशाच जुन्या मोजमापांवरून स्वतंत्रपणे निष्कर्ष काढला की काक्षीला एक लहान जोडीदार असावा. जुलै २०२५ मध्ये हवाईतल्या ८.१ मीटरच्या जेमिनी दुर्बिणीनं तो टिपल्याचं जाहीर झालं. काक्षीपेक्षा सहा प्रतींनी मंद, त्याच्या अगदी कुशीत. ही ओळख अजून पक्की व्हायची आहे. एकाच रात्रीच्या चित्रावर सगळं सोडता येत नाही. पण कुठे पाहायचं आणि केव्हा पाहायचं हे आठ मीटरच्या आरशाला सांगितलं ते बऱ्याच अंशी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदींनी.

अशी नोंद करायची कशी, हे इथे सांगायलाच हवं, कारण आपल्याकडच्या आकाशदर्शनात ते सहसा शिकवलं जात नाही. प्रश्वा ०.४ प्रतीचा, रोहिणी ०.९ ची. काक्षी त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं: प्रश्व्याइतकाच? मधोमध? रोहिणीकडे झुकलेला? तीन तारे साधारण सारख्या उंचीवर आले असतानाच ताडून पाहावं, कारण क्षितिजाजवळची हवा तेज खाते. लाल ताऱ्याकडे टक लावू नये. जितकं पाहाल तितका तो उजळ वाटत जातो. बाप्पूंनी विद्यार्थिदशेत हाताळलेला प्रश्न हाच. तारीख, वेळ, तुलनेचे तारे, अंदाज. पाच मिनिटांचं काम. एकट्याच्या एका रात्रीच्या अंदाजाला फारशी किंमत नाही, त्यात ०.२-०.३ ची चूक सहज होते. पन्नास जणांच्या दहा वर्षांच्या अंदाजांतून मात्र चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि वक्र उरतो.

पिधानांचंही, म्हणजे एक पिंड दुसऱ्याआड जाण्याच्या घटनांचंही, असंच. निजामियाच्या १५ इंची दुर्बिणीतून चंद्राआड जाणाऱ्या ताऱ्यांच्या वेळा नोंदल्या जात. त्या काळी त्यांचा उपयोग चंद्राची गती तपासायला होई. आज चंद्राऐवजी लघुग्रहांआड तारे जातात तेव्हाच्या वेळा मोलाच्या आहेत. ताऱ्याचं तेज किती सेकंद झाकलं गेलं हे वेगवेगळ्या गावांतून मोजलं की त्या खडकाचा आकार रेखता येतो, आणि मुख्य झाकोळाच्या आधी-नंतर एखादी उचकी दिसली तर कडं असल्याचा संशय येतो. शनी-गुरूसारख्या ग्रहांव्यतिरिक्त कडं असलेला पहिला पिंड, चारिक्लो, २०१३ मध्ये असाच सापडला. २०२३ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या क्वावारभोवती कडं असल्याचं जाहीर झालं, त्यात ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी होत्या. ते कडं जिथे असू नये असं सिद्धान्त सांगतो तिथे आहे. खरं तर त्या अंतरावरचा मालमसाला एकत्र येऊन चंद्र व्हायला हवा होता. कोडं अजून सुटलेलं नाही. यासाठी लागतं काय? मध्यम दुर्बीण, व्हिडिओ घेणारा कॅमेरा आणि उपग्रहावरून जुळवलेलं अचूक घड्याळ. सावलीची पट्टी कधीतरी हैदराबाद, नांदेड, लातूरवरून जाते तेव्हा त्या पट्टीत मोठी वेधशाळा नसते.

उरलेलं काम दुर्बिणीशिवायचं आहे. २००७ मध्ये गॅलेक्सी झू सुरू झालं, लोकांनी घरबसल्या लाखो दीर्घिकांचे आकार ओळखून दिले. आपल्याकडे आनंद होता यांनी २०१३ मध्ये चालू केलेला रॅड-अ‍ॅट-होम उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांना रेडिओ दुर्बिणींची चित्रं वाचायला शिकवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी युरोपच्या लोफार दुर्बिणीच्या चित्रांतून एक विलक्षण रेडिओ वर्तुळ जाहीर केलं: एकमेकांना छेदणारी दोन कडी, आणि या जातीतलं तोवरचं सर्वांत दूरचं. विश्व आजच्या जवळपास निम्म्या वयाचं होतं तेव्हाचं. संगणकाला न शिकवलेली आकृती माणसाच्या डोळ्याला खटकते, तो खटका इथे कामी आला. व्यावसायिकांनाही तो खटका लागतोच. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या चित्रांत अलकनंदा ही घाटदार सर्पिल दीर्घिका हेरली. महास्फोटानंतर अवघ्या दीडशे कोटी वर्षांनी इतकी नीटस दीर्घिका असेल असं फारसं कुणाला अपेक्षित नव्हतं.

गुरुत्वीय लहरींच्या क्षेत्रात हौशी माणसाला काय करता येईल, असं वाटेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, २,६०० कोटींचा प्रकल्प, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. जुन्या हैदराबाद संस्थानातलाच हा मुलूख. तो सुरू झाला की अमेरिकेतल्या लायगोसारखाच त्याच्या नोंदींतही खोट्या ठसक्यांचा गोंधळ असेल; मालमोटार गेली, वीज कडाडली, यंत्रातच काही हललं. अमेरिकेतल्या लायगोचे असे ठसके ओळखून वर्गवारी करण्याचं काम २०१६ पासून ग्रॅव्हिटी स्पाय या उपक्रमातले सामान्य लोक करतात, आणि नव्या जातीचे ठसके त्यांनी शोधलेही आहेत. मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयानं यासाठी लायगो-इंडिया उभं राहण्याची वाट पाहण्याचं कारण नाही.

इथे एक कडू गोष्ट. ‘आमच्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यानं लघुग्रह शोधला’ अशा बातम्या हल्ली दर महिन्याला असतात. हवाईतल्या दुर्बिणीची चित्रं मुलांना दिली जातात, मुलं संगणकावर हलणारा ठिपका शोधतात. उपक्रम चांगला आहे. पण त्यातली बहुतेक प्रमाणपत्रं प्राथमिक नोंदीची असतात. ठिपका पुन्हा दिसणं, कक्षा पक्की होणं, क्रमांक मिळणं यात कित्येक वर्षं जातात आणि बहुसंख्य ठिपके तिथवर पोचत नाहीत. मुलाला हे सांगितलं तर त्याचा उत्साह मावळेल असं पालकांना आणि शाळांना वाटतं. मला वाटतं, न सांगितल्यानं त्याला विज्ञान कसं चालतं तेच कळत नाही. हीच घाई मोठ्यांतही आहे. ३आय-अ‍ॅटलास हे परग्रहवासीयांचं यान असल्याच्या चर्चेत वाहिन्यांनी आठवडे घालवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी ग्रहावर सजीवांचा इशारा देणारा वायू सापडल्याच्या दाव्यावर पहिल्याच दिवशी अग्रलेख निघाले. तो संकेत किती अशक्त आहे हे दुसऱ्या गटांनी दाखवलं, त्याची बातमी आतल्या पानावर.

उजेडाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, हे चांगलंच झालं. पण सुटीत पेंचला जाऊन आकाशगंगा पाहून आलेला माणूस आणि मलकपेठेत आठवड्यातून दोनदा काक्षीचा अंदाज लिहिणारा माणूस, यांतला दुसरा मला विज्ञानाच्या जास्त जवळचा वाटतो. शहरातून अंधूक काही दिसत नाही हे खरं. पण रुबिनला नको असलेलं तेजस्वी आकाश शहरातूनही दिसतं.

आपली मंडळं यात कमी पडतात ती इच्छेअभावी नव्हे. आकाशदर्शनाच्या रात्री शंभर-दोनशे लोक येतात, त्यांना ग्रह, तारकागुच्छ, देवयानी दीर्घिका दाखवावी लागते, पहाटे चहा होतो, कार्यक्रम यशस्वी होतो. त्या रात्रीचा एकही आकडा कुठे जात नाही. काही मंडळांत उल्कावर्षावांची मोजणी होते, सूर्यावरचे डाग नोंदले जातात, आरसे घासायच्या कार्यशाळा भरतात. त्यांचं काम मोलाचं आहे, पण ते मूठभरांचं. दहा कार्यक्रमांतला एक जरी निव्वळ नोंदीचा ठेवला आणि आलेल्या प्रत्येकाला एका ताऱ्याचा अंदाज लिहून दिल्याशिवाय शनी दाखवायचा नाही असा नियम केला, तर लोक कुरकुर करतील. पण त्यातले चार जण दुसऱ्या दिवशी घरून अंदाज पाठवतील.

निमित्तं समोरच आहेत. उत्तर मुकुट तारकासमूहातला एक तारा १८६६ आणि १९४६ मध्ये अचानक दहाव्या प्रतीवरून दुसरीवर आला होता. २०२४ पासून जग त्याच्या पुढच्या स्फोटाची वाट पाहतं आहे. स्फोटाच्या पहिल्या काही तासांत कुठल्या देशात रात्र असेल हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून प्रत्येक रेखांशावर पाहणारे हवेत. आणि काक्षीचा जोडीदार नोव्हेंबर २०२७ मध्ये ताऱ्यापासून पुन्हा सर्वांत दूर आलेला असेल. मोठ्या दुर्बिणी तेव्हा तिकडे वळणार आहेत. त्यांना त्या आधीच्या आणि नंतरच्या तेजाचा वक्र लागेल. नोव्हेंबरच्या मध्यावर काक्षी रात्री सव्वाआठला उगवतो, पण मलकपेठेतून पूर्वेला दिलसुखनगरचा उजेड आडवा येतो. अकरानंतर तो त्यातून वर येतो. रोहिणी तोवर बरीच वर चढलेली असते आणि प्रश्वा नुकता उगवलेला, तेव्हा त्या आठवड्यांत अंदाज मध्यरात्रीनंतरचाच धरावा आणि तिघांची उंची वहीत लिहून ठेवावी.